ओकांच्या घरचं कार्य

काकांचा फोन म्हणजे तार. शब्दागणिक पैसे पडतात अशा हिशेबाने बोलतात.

"रविवारी ओक्स आहे. येतोस?"

"कुठले ओक? ठाण्याचे?"

पलीकडे शांतता.

"काय आहे त्यांच्याकडे? मुंज?"

"गाढवा, महालक्ष्मीला. रेसकोर्सवर."

"अरे वा! तिथे कार्यालय मिळतं?"

काकांनी फोन ठेवला. आता यात माझं काय चुकलं? आमच्याकडे ओक हे आडनाव आहे, झाड नाही. ओकांच्या मुंजी जेवलोय, ओकांच्या गणपतीपुढे आरत्या ओरडलोय. त्या घराण्यातलं कुणी घोडी पळवील असं वाटलं नव्हतं, पण हल्ली कुणाचं काय सांगावं?

खुलासा संध्याकाळी झाला. इंडियन ओक्स ही दरवर्षी जानेवारीत, डर्बीच्या आधी होणारी शर्यत. अंतर 2400 मीटर. पळायचं चार वर्षांच्या, याच देशात जन्मलेल्या थरोब्रेड घोड्यांनी. घोड्यांनी म्हणजे घोडी, अनेकवचनी. मराठीत घोडा आणि घोडी या दोघांचंही 'घोड्यांनी'च होतं, त्यामुळे काकांना तीनदा सांगावं लागलं. "अरे, फक्त माद्या! नराला प्रवेश नाही."

हे शेवटचं वाक्य ऐकून आत्याने शब्दकोडं बाजूला ठेवलं आणि चष्मा कपाळावर चढवला. "मग मीही येते," ती म्हणाली.

काका चहा प्यायचे थांबले. चाळीस वर्षं ते रेस खेळतायत आणि चाळीस वर्षं त्यांची ही धाकटी बहीण त्यांना जुगारी म्हणतेय. मध्ये 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की घोड्यांची शर्यत हा नशिबाचा नव्हे, कौशल्याचा खेळ आहे. काकांनी त्या बातमीचं कात्रण काचेत बसवून देवघराशेजारी लावलं. आत्या आली की ते मुद्दाम फडक्याने पुसत. आत्या गणिताची शिक्षिका. तिने एकच प्रश्न विचारला होता, "दादा, कौशल्य घोड्याचं, जॉकीचं, ट्रेनरचं. तुझं काय?" काच अजून तिथे आहे, पण पुसणं बंद झालं.

आत्याच्या 'मीही येते'ला मागची एक गोष्ट आहे. तिचं लग्न एकतिसाव्या वर्षी झालं. त्या काळात, आमच्या आळीत, एकतीस म्हणजे मुलीच्या लग्नाचं नव्हे, तिच्या मुलाच्या मुंजीचं वय. तेव्हा तिच्यासाठी सगळेजण एकच शब्द वापरत. समोर हळू, मागे मोठ्याने. घोडनवरी.

या बाबतीत आपली भाषा जरा बघाच. घोडं गंगेत न्हातं. घोडामैदान जवळ येतं. वरातीमागून का होईना, घोडं निघतं. कागदी असलं तरी ते नाचतं. काहीच जमलं नाही तर निदान पेंड खातं. 'घोडा झालास एवढा' असं मुलालाही म्हणतात, पण ते म्हणताना आजीचा हात त्याच्या पाठीवर असतो. घोडी मात्र मराठीत जन्मली ती केवळ ओरडा खाण्यासाठी. 'एवढी घोडी झालीस, वरणाला फोडणी येत नाही?' 'घोडीसारखी खिदळू नकोस.' आणि या साऱ्याचा कळस म्हणजे घोडनवरी. तीस-पस्तिशीतल्या मुलाला घोडनवरा म्हणून हाक मारलेली मी ऐकली नाही. तो फार तर 'सेटल होतोय' असतो.

आत्याने सोळा वेळा चहापोहे नेऊन दिले. सतराव्या वेळी ती स्वयंपाकघरातून बाहेरच आली नाही. आजी विनवून थकली, आजोबा ओरडून थकले, काकांनी तर दंडाला धरून ओढून पाहिलं. ती जात्याच्या खुंट्याला धरून उभी. पाहुणे पोहे खाऊन, पंखा चांगला आहे म्हणून निघून गेले. पुढे आतोबा भेटले ते शाळेतच, बदलीवर आलेले भूगोलाचे शिक्षक. त्यांनी पोहे मागितले नाहीत. असो.

तर ओक्स. हे ओक मूळचे ठाण्याचे नसून इंग्लंडातल्या एप्समजवळचे. तिथे 'द ओक्स' नावाचं एक घर होतं आणि ते डर्बीचे बारावे अर्ल, एडवर्ड स्मिथ-स्टॅन्ली यांच्याकडे होतं. वय वर्षं सव्वीस, पैसा भरपूर, उद्योग शून्य. 1779 च्या मे महिन्यात त्यांनी मित्रांच्या सल्ल्याने तीन वर्षांच्या माद्यांची एक शर्यत काढली, तिला आपल्या घराचं नाव दिलं आणि ती जिंकली कुणी? त्यांच्याच ब्रिजेट नावाच्या घोडीने. घरचं कार्य, घरचीच नवरी, आहेरही घरात. म्हणजे मी काकांना विचारलं त्यात तसं काही चुकलं नव्हतं.

दुसऱ्या वर्षी वाटलं, आता मुलगेही पळू देत. त्या शर्यतीला नाव कुणाचं द्यायचं, यजमान डर्बींचं की पाहुणे सर चार्ल्स बनबरींचं, यासाठी म्हणे नाणं उडवलं गेलं. ही दंतकथा असेल, पण नाणं दुसऱ्या बाजूला पडतं तर आज सगळं जग 'बनबरी' बघायला टोप्या घालून गेलं असतं, आणि आपल्याला ते पुणे-सोलापूर रस्त्यावरचं एखादं गाव वाटलं असतं. पहिली डर्बी 1780 ची. बनबरींच्या डायोमेडने ती जिंकून नाण्याचा वचपा काढला. इथे लक्षात ठेवायची गोष्ट एवढीच की ओक्स डर्बीहून एका वर्षाने मोठी आहे. थोरली ही आणि बारसं गाजलं धाकट्याचं. घरोघरी असंच असतं.

आणखी एक बारीकशी गोष्ट. नाणं उडवणाऱ्या या दोन्ही सद्गृहस्थांच्या बायका त्याआधीच त्यांना सोडून गेल्या होत्या. बनबरींची 1769 साली, डर्बींची 1778 साली. हे मी सांगितलं तेव्हा आत्या म्हणाली, "बघ. घरातली पळाली, मग मैदानातल्या पळवल्या."

काकांना इतिहासाचा अभिमान चढला की ते मराठेशाहीत शिरतात. "1779! त्याच वर्षी जानेवारीत आपण वडगावला इंग्रजांना कोंडलं होतं. महादजी शिंद्यांनी तहावर सही करायला लावली मुंबईच्या फौजेला. भीमथडीच्या तट्टांवर बसून!"

"आणि चार महिन्यांनी त्यांनी ही शर्यत काढली," आत्या म्हणाली. "तेव्हाचा सूड ते अजून तुझ्याकडून दर रविवारी वसूल करतायत."

महालक्ष्मीचं मैदान 1883 सालचं. त्याआधी मुंबईच्या शर्यती भायखळ्याला होत. नव्या मैदानासाठी नमुना घेतला तो थेट मेलबर्नच्या कॉलफील्ड रेसकोर्सचा. जागा मात्र अस्सल मुंबईची. एका अंगाला महालक्ष्मीचं देऊळ, दुसऱ्या अंगाला हाजीअली, त्यामुळे पंटरला दोन्ही धर्मांत नवस बोलायची सोय. मुंबईचा मोसम हिवाळ्यात असतो. पावसाळा आला की घोडे पुण्याला जातात. पूर्वी मुंबईचे गव्हर्नरही असंच करत.

डर्बीच्या दिवशी इथे जी गर्दी असते ती शर्यतीपेक्षा टोप्यांची. त्या टोप्यांवर पिसं, फुलं, जाळ्या, क्वचित फळंही असतात. ओक्सच्या रविवारी तसलं काही नव्हतं. आमच्या आसपास नेहमीचे लोक होते. हातात रेसचं पुस्तक, कानावर बॉलपेन आणि चेहऱ्यावर दहावीच्या निकालाआधीचे भाव. आत्या गर्भरेशमी नेसून आली होती. काका हळूच म्हणाले, "सुमे, लग्नाला आलोय का आपण?" "ओकांचं कार्य आहे ना?" ती म्हणाली. एकूण माझं फोनवरचं संभाषण घरभर झालं होतं.

वयाची अट तिला प्रथम पटेना. "सगळ्याच बरोब्बर चार वर्षांच्या? एकाच दिवशी जन्मल्या?" खरी गंमत अशी की थरोब्रेड घोडं फेब्रुवारीत जन्मो नाहीतर मे महिन्यात, त्याचा वाढदिवस कागदोपत्री 1 जानेवारीलाच. यावर काका विजयी मुद्रेने तिच्याकडे बघत राहिले, कारण आत्याचा, काकांचा आणि त्यांच्या पिढीतल्या निम्म्या महाराष्ट्राचा वाढदिवस 1 जूनला असतो. शाळेत नाव घालताना मास्तरांनी ठरवलेला. तर या 1 जानेवारीमुळे डिसेंबरात जी तीन वर्षांची म्हणून एक हजार गिनीज पळते, तीच पुढच्या महिन्यात चारची होऊन ओक्स पळते.

"एक हजार गिनीज काय आहे?"

"मुलींची शर्यत. मुलं पळतात ती दोन हजार गिनीज. त्या काळच्या बक्षिसावरून नाव पडलं."

आत्या काही बोलली नाही. तिने फक्त मान हलवली. पस्तीस वर्षं नोकरी केलेल्या बाईला एवढं पुरतं. वास्तविक दोन हजारात मुलींनाही पळता येतं, मज्जाव आहे तो एक हजारात मुलांना. पण नावात जे लिहिलंय ते लिहिलंय.

चार वर्षांपर्यंतच्या मादीला इंग्रजीत फिली म्हणतात आणि पाचव्या वर्षी तिची मेअर होते. आमच्या पणजीकडे त्यासाठी छान शब्द होता, शिंगी. शिंगरू मोठं झालं आणि मुलगी निघाली की शिंगी, आणि संसाराला लागली की घोडी. म्हणजे ओक्सच्या दिवशी मैदानात असतात त्या साऱ्या शिंग्या. पुढच्या 31 डिसेंबरच्या रात्री बाराचे ठोके पडले की त्यांची एकदम घोडी होते. इतकी नेमकी वेळ आमच्या आळीलाही कधी सांगता आली नव्हती.

पॅडॉकपाशी गेलो आणि आत्या थबकली. गोल रिंगण. मोतद्दार एकेकीला लगामाला धरून फिरवतोय. कातडी अशी की पितांबरीने घासलीय. कुणाची आयाळ वेणीसारखी गुंफलेली. कठड्याभोवती दोनशे पुरुष पुस्तकं उघडून उभे. कुणी घोटे बघतंय, कुणी चाल बघतंय. कुणी म्हणतंय, "आई चांगली होती, पण बापाच्या वळणावर गेली." दुसरा म्हणतो, "उंची कमी वाटते." तिसरा म्हणतो, "घाम फुटलाय, घाबरट दिसते."

"दादा," आत्या म्हणाली, "पोहे कुठायत?"

मी पुस्तक चाळायला घेतलं. त्यात प्रत्येकीचं नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव आणि आईच्या वडिलांचं नाव. आपल्या पत्रिकेत निदान आडनाव तरी एक असतं. थरोब्रेडांचं गोत्र पाहायला गेलात तर आडनावं जगभरात मिळून तीनच. बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन, गोडोल्फिन अरेबियन. पूर्वेकडून इंग्लंडात आणलेले हे तीन पूर्वज, आणि आजचं प्रत्येक थरोब्रेड वडिलांकडून यांतल्या एकाच्या घरी जातं. सगोत्र विवाह चालतो, किंबहुना त्याशिवाय चालतच नाही. आणि रक्त शुद्ध आहे की नाही याची वंशावळ ठेवणारी भारतीय कचेरी कुठे आहे? पुण्यात. हे वाचल्यावर मला वाटलं, दुसरीकडे कुठे असणार?

पण एक नियम आत्याला फार आवडला. दोन घोड्यांचा बाप एक असेल तर त्यांना भावंडं म्हणत नाहीत. आई एक असेल तरच भावंडं. कारण साधं आहे. नामांकित घोड्याची एका वर्षात शंभरावर मुलं होऊ शकतात, त्यांना भावंडं म्हटलं तर निम्मी शर्यत भाऊबीज होईल. घोडीला मात्र अकरा महिने पोटात वागवून वर्षाला एकच. म्हणून घराणी मोजायची ती आईकडून. ब्रूस लो नावाच्या एका ऑस्ट्रेलियन माणसाने एकोणिसाव्या शतकात ही आईकडची घराणी शोधून त्यांना चक्क क्रमांक दिले, आणि क्रमांक लावताना पाहिलं काय, तर डर्बी, ओक्स आणि सेंट लेजर जिंकणारी अपत्यं किती. "माहेर मोजतात म्हण की," आत्या म्हणाली आणि पहिल्यांदाच तिने काकांच्या हातातलं पुस्तक स्वतःकडे ओढलं.

तेवढ्यात काकांनी सांगितलं की डर्बीत मुलांबरोबर पळायचं तर शिंगीला वजनात दीड किलोची सूट असते.

"दीड किलो?"

"हो. जॉकी, खोगीर, शिसं सगळं मिळून जे वजन पाठीवर असतं ना, त्यातून दीड किलो कमी."

"दीड किलो म्हणजे माझी तपासायच्या वह्यांची एक पिशवी," आत्या म्हणाली. "एक इकडे, एक तिकडे, खांद्याला पर्स आणि दादरला उतरून भाजी. आम्हाला सूट म्हणून डबा वेगळा दिला होता. त्यातही चौथी सीट."

काकांनी घाईघाईने सांगितलं की 1943 साली पहिली इंडियन डर्बी झाली ती मुळात एका मुलीनेच जिंकलेली. प्रिन्सेस ब्यूटिफुल. बडोद्याच्या गायकवाडांची. आणि ओक्सला असली सूट नसते, कारण सगळ्या बरोबरीच्याच. आत्याचं तेवढ्याने भागलं नाही. तिला इंग्लंडची एलेनॉर हवी होती, जिने 1801 साली डर्बीही जिंकली आणि लगेच ओक्सही. ती मीच तिला आदल्या रात्री सांगितली होती. तीही बनबरींची. बायको गेली, पण घोडीने नाव राखलं.

खिडकीशी रांग. काकांनी फेव्हरिटवर लावले. किती, ते त्यांनी शरीर आडवं घालून आमच्यापासून झाकलं. पैजेवर आधी 28 टक्के जीएसटी होता, 2025 साली तो 40 झाला. कुठला घोडा कधी मागे पडेल सांगता येत नाही, सरकार मात्र प्रत्येक शर्यतीत पहिलं येतं. हे वाक्य काकांचं, आणि चाळीस वर्षांच्या कौशल्यातून आलेलं असल्यामुळे आम्ही त्यावर वाद घातला नाही. काका तसे दिलदार. हरले की म्हणतात, पैसे काही वाया जात नाहीत, पुण्याच्या पूनावालांच्या स्टडफार्मवरचे निवृत्त घोडे हाफकिनला सीरम बनवायला जायचे, त्यातूनच 1966 साली सीरम इन्स्टिट्यूट निघाली. थोडक्यात, त्यांच्या हरलेल्या तिकिटांवर अर्ध्या जगाचं लसीकरण झालेलं आहे.

आत्याने शंभर रुपये काढले. आयुष्यातली पहिली पैज. तिची निवड पॅडॉकमध्येच झालेली होती. एक काळपट, बारकी शिंगी, जी तीनदा थांबली होती आणि मोतद्दाराने ओढल्यावर चौथ्यांदाही थांबली होती. "हिच्यावर."

"सुमे, तिचा भाव बघ. कुणी हात लावत नाहीये तिला."

"म्हणूनच."

शर्यत अडीच मिनिटांची. पण सुरू व्हायला वेळ लागतो, कारण प्रत्येकीला स्टार्टिंग गेटच्या कप्प्यात उभं करावं लागतं. आम्ही टीव्हीवर बघत होतो. फेव्हरिट मुकाट आत गेली. दुसरी गेली. एकेक करून सगळ्या आत. बाहेर एक. काळपट, बारकी.

एकाने लगाम ओढला. ती हलली नाही. दोघांनी मागून हात गुंफून ढकलायला सुरुवात केली. ती दोन पावलं पुढे गेली आणि तीन मागे आली. डोळ्यांवर फडकं बांधून गोल फिरवून आणली, तिला बरोबर कळलं. आमच्या बाजूचे लोक ओरडू लागले. "अरे, घ्या तिला आत!" "काय घोडी आहे!" "आमच्या बाकीच्यांचा खोळंबा!" एकाने तर असा शब्द वापरला की आत्याने शाळेतल्या आवाजात त्याचं नाव विचारलं आणि तो दोन पायऱ्या खाली सरकला.

मी आत्याकडे पाहिलं. तिने दोन्ही हातांनी समोरचा कठडा घट्ट धरला होता. जात्याचा खुंटा मी पाहिलेला नाही, पण असाच धरला असणार.

"नको म्हणतेय ना ती," आत्या पुटपुटली. "नको म्हणतेय. दिसत नाही का?"

मग घोषणा झाली. ती शिंगी शर्यतीतून बाद. गेट उघडलं, बाकीच्या सुटल्या. काकांचा आवाज चढत गेला, शेवटच्या दोनशे मीटरमध्ये ते आपल्या घोडीला नावाने, मग आडनावाने, मग आईवरून हाका मारत होते. फेव्हरिट नाकाने हरली. शर्यतीत नाक हे अंतराचं माप आहे. काकांचं तेवढंच गेलं.

ती काळपट शिंगी त्या वेळी टीव्हीच्या एका कोपऱ्यात, मोतद्दाराबरोबर, सावकाश चालत परत निघाली होती. शेपटी हलवत. पंखा चांगला आहे म्हणून निघाल्यासारखी.

मी आत्याला म्हटलं, "वाईट वाटून घेऊ नकोस." काका तिकीट फाडता फाडता थांबले आणि रडवेल्या आवाजात म्हणाले, "तिला कसलं वाईट वाटतंय? जी पळलीच नाही तिचे पैसे परत मिळतात. पूर्ण."

खिडकीवरच्या माणसाने नोट परत दिली. आत्याने ती उजेडात धरून पाहिली, चार घड्या घालून कनवटीला लावली आणि म्हणाली, "चल दादा, स्टेशनबाहेर पोहे मिळतात का बघू. आज मी देते."